मानवतच्या कोरड्या माश्या

हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या खोलीत तर दिवसभर माना खाली आणि तोंडं सुरू! कुणाला एक सांगायला घेतलं की मागून दुसरा येऊन उभाच राहतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. तेव्हा मानवतला एका सरकीच्या गोदामामागं महेबूबभाईंनी कारखाना काढला. कारखाना कसला, एक लांब टेबल, कडेला चार छोटे शिकंजे आणि आम्ही चार बायका! शिकंज्यात मासे धरायचा बारीक गळ आवळायचा आणि त्यावर दोरा, केस, पिसं गुंडाळून खोटी माशी बांधायची. थंड मुलखात नदीकाठी कॅडिस नावाचा किडा असतो, पंख पाठीवर छपरासारखे मिटून बसणारा. हुबेहूब तसली. ती पाण्यावर तरंगते म्हणून 'ड्राय फ्लाय'. आम्ही म्हणायचो कोरडी माशी. ट्राऊट नावाचा मासा तिला खरी समजून झडप घालतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की आम्ही बायकांनी तो मासा कधी पाहिलाच नव्हता. महेबूबभाई काश्मिरात नोकरीला असताना हे काम शिकले होते. पण मासा त्यांनीही ताटातच पाहिलेला!

*

आमच्यात सगळ्यात हुशार हात सखूबाईंचे. पन्नाशीची बाई, जवळच्या खेड्यातली. सकाळी दारातूनच 'जयभीम भाई' म्हणत यायची. पहिल्या आठवड्यात शेजारणीनं त्यांना विचारलं, "काय काम करायलीस गं तिथं?"

"माश्या करायलोत."

शेजारीण म्हणाली, "आता गं बया! तेवढ्यासाठी मानवत कशाला? आमच्या गोठ्यात लय हायत, फुकट ने!"

*

गळ आणि पंखांसाठी लागणारे केस मुंबईहून पार्सलनं यायचे. कोंबड्याची पिसं मात्र आमची आम्ही शोधायची. मानेवरची, ताठ, तांबूस. पीस ताठ नसलं तर माशी बुडाली!

एकदा महेबूबभाई मला घेऊन ताडकळसच्या बाजारात गेले. कोंबडा हातात घ्यायचे, वजन बघायचेच नाहीत. मान उन्हात धरून पिसं उलटीसुलटी करायचे आणि 'रंग थोडा फिका है' म्हणून परत द्यायचे. पाचव्या कोंबड्याला विकणाऱ्या म्हातारीचा संयम सुटला.

"भाई, तुमाला कोंबडा खायाचा हाय का त्याला पोरगी द्यायची हाय?"

महेबूबभाईंनी तो घेतलाच. वर म्हणाले, "खानदान अच्छा है!"

*

माल बांधायच्या आधी महेबूबभाई परातीत पाणी घेऊन प्रत्येक डब्यातल्या थोड्या माश्या सोडून बघायचे. एका सोमवारी पहिली बुडाली. दुसरी बुडाली. मग त्यांनी मूठभर टाकल्या, सगळ्या तळाला! महिन्याचं काम होतं ते, आणि पार्सल त्याच दिवशी मुंबईला, तिथून परदेशी जायचं होतं. शांत माणूस, पण त्या दिवशी भडकला.

"नींद में बांधी क्या तुम लोगां? कुणी बांधली ही?"

कमल सगळ्यात नवीन. तिला वाटलं, आपल्याच माश्या. ती रडायलाच लागली. "भाई, मला काढू नगा, घरी कुणी कमावतं न्हाई."

सखूबाई उठल्या. त्यांनी बोट परातीतल्या पाण्यात बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि विचारलं, "परात कुणी घासली?"

"मैंने," भाई म्हणाले. "साबणानं. चकचकीत!"

"आन खळबळली का?"

भाईंनी ती नुसती पुसून घेतली होती. साबणाच्या पाण्यात पीस काय तरंगणार! सखूबाईंनी परात तीनदा धुतली, नवं पाणी घेतलं आणि कमलचीच माशी सोडली. ती बदकासारखी डुलायला लागली.

महेबूबभाईंनी कमलपुढं हात जोडले. "बेटी, गलती माझी. घर जाके किसी को बोलना मत."

"न्हाई सांगत भाई," कमल डोळे पुसत म्हणाली. "पण परात आता आमी घासू."

*

पुढं सखूबाईंचे डोळे चुरचुरायला लागले. नजर गेली तर काम गेलं, या भीतीनं त्या कुणाला सांगेनात. शेवटी मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दाखवलं.

"हे काय आहे?"

सखूबाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"एवढं मोठंही दिसत नाही?" डॉक्टर माझ्याकडं वळून हळहळले.

"दिसतंय की!" सखूबाई म्हणाल्या. "उभी काडी हाय, तिला पोट हाय. नाव ठाव न्हाई तिचं, साळंत गेले न्हाई. आन सायेब, तुमच्या खिशाचा टाका उसवलाय. पेन पडल."

डॉक्टरांनी खिसा चाचपला. पेन अर्धा बाहेर आलाच होता! थेंब लिहून देताना म्हणाले, "बाई, माझा नंबर तुम्हीच काढा आता."

*

पाचेक वर्षांनी मुंबईहून एक पाकीट आलं. परदेशातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं लिहिलेलं पत्र, आत एक फोटो. आम्ही काम टाकून गोळा झालो. गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हातारा हसत होता आणि त्याच्या ओल्या हातांत अंगभर ठिपक्यांचा मासा होता. ओठात आमची माशी!

"ह्यो व्हय ट्राऊट!" कमल म्हणाली.

भाईंनी पत्र वाचून सांगितलं. बायको गेल्यापासून म्हातारा नदीवर गेलाच नव्हता. त्या दिवशी गेला. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला. फोटो काढून घेतला आणि त्यानं मासा परत पाण्यात सोडून दिला.

"सोडला?" कमल किंचाळली. "मंग आमी पाच वर्षं हे काय करायलोत?"

सगळ्याजणी हसलो. सखूबाई हसल्या नाहीत. फोटो जवळ धरून त्या बराच वेळ माशाच्या ओठाकडं बघत होत्या.

गळाच्या टोकाला आतून एक बारीक उलटा काटा असतो. त्याच्यामुळं रुतलेला गळ मागं निघत नाही. सखूबाई जागेवर जाऊन बसल्या, शिकंज्यातल्या माशीला चिमटा लावला आणि तो काटा दाबून सपाट करून टाकला.

भाई धावले. "अरे सखूबाई, ये क्या कर रहे!"

"सोडायचाच हाय तर निघाया सोपं जाऊ द्या की," त्या म्हणाल्या, आणि दुसरी माशी घेतली.

महेबूबभाईंनी ती पहिली उचलली, खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून फिरवून बघितली. मग पास झालेल्या मालाच्या डब्यात ठेवली.