दसऱ्याची लाथ

बाबलदादाचा डावा डोळा मी फोडला.

हात लावला नाही, पण फोडला मीच. आज त्याला जाऊन वर्ष झालं. आता लिहायला हरकत नाही.

दादा म्हणजे शिरोड्याचा होड्या बांधणारा मेस्त्री. माझं कणकवलीत लेथचं वर्कशॉप. २००२ चा मे महिना. पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, रिपेअरिंगची घाई, आणि नेमकं दादाचं ड्रिल मशीन जळलं.

ग्राइंडर मात्र चालू होता. मी म्हटलं, दादा, टेन्शन घेऊ नको, ग्राइंडरलाच ड्रिलचा चक बसवून देतो.

लेथवर अडॅप्टर काढला. बोटभर लोखंड. एका टोकाला ग्राइंडरचे आटे, दुसऱ्या टोकाला चकचे, म्हणजे भोक पाडणारं बिट धरणाऱ्या तोंडाचे. असा परफेक्ट बसला की मीच माझ्यावर खूश.

दादाने हातात घेऊन फिरवून बघितला.
"चालतला मां रे?"
"बिनधास्त," मी म्हटलं.

मला माहीत होतं. आयटीआयत सरांनी घसा फोडून सांगितलं होतं की ग्राइंडर ड्रिलच्या चौपट फिरतो, तो वेग चकला झेपत नाही. पण आधी पाच जणांना असेच बसवून दिले होते आणि कोणाला काही झालं नव्हतं. डोक्यात हवा गेली होती माझ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीत भोक पाडताना बिट अडकलं आणि चक फुटला. आतला बिट पकडणारा एक जबडा सरळ दादाच्या डोळ्यात गेला.

दहा दिवसांनी तो माझ्या वर्कशॉपात आला. डोळ्यावर पट्टी, हातात हातोडा.

पहिला घाव टेबलफॅनवर. दुसरा रेडिओवर. तिसरा माझ्यावरच येणार, म्हणून मी डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड, मेल्या. तुका दोन आसत."

उघडले.

"असले किती जणांक दिलंस?"
"पाच."
"गाडी काढ."

पुढचे दोन दिवस माझ्या बाइकवर आम्ही खारेपाटणपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरलो. पाचही ठिकाणी पद्धत एकच. आधी गिऱ्हाइकासमोर माझ्या कानाखाली जाळ. मग, "ह्या ****न दिलेला काढून परत दे."
फुल्या माझ्या. दादाची मुलगी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे.

खारेपाटणचा ग्रिलवाला ऐकेना. "माका काय एक जावक नाय. मस्त चलता."

दादाने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटला. दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोळ्यावरची पट्टी ओढून काढली आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं.

"झाल्यावर काय जाता, ता बघून घे."

ग्रिलवाल्याने मुकाट्याने ग्राइंडर माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसून ओकला. मीही बघितलं होतं. अजून दिसतं.

पाचही अडॅप्टर वर्कशॉपात आणून ऐरणीवर ठेवले. घण माझ्या हातात. एकेक आटा मरेपर्यंत त्याने मला ठोकायला लावलं. माझ्या तळहाताचे फोड फुटले तरी तो समोरून हलला नाही.

सहावा, त्याचा स्वतःचा, फुटक्या चकसकट तो घरी घेऊन गेला.

दसऱ्याला एसटीडी बूथवरून फोन. "ये. नाय इलंस तर मी येतंय."

गेलो. ओटीवर सगळी हत्यारं पुसून मांडलेली, प्रत्येकावर झेंडूचं फूल. खाली अंगणात, चिऱ्यावर, तो फुटका चक. पूजा झाल्यावर दादा अनवाणी खाली उतरला आणि चकला अशी लाथ घातली की तो पार माडापर्यंत गेला.

"फूल हत्यारांक. हेका लाथ."

आणि जेवायला बस म्हणाला.

असे सात दसरे मी गेलो. खरं सांगू? मी जायचो ते एका वाक्यासाठी. कधीतरी म्हणेल, जाऊ दे रे, झालं ते झालं. जेवल्याशिवाय सोडायचा नाही, माझ्या पोरांची चौकशी करायचा, पण ते वाक्य काही त्याच्या तोंडून आलं नाही.

एकदा मीच विचारलं, "दादा, यंदा लाथ मी मारू?"

"तुझो डोळो गेलो? नाय मां? मगे गप उभो रव."

त्या दिवशी येताना बाइक बाजूला लावून रडलो. चाळिशीचा बाप्या, रस्त्याकडेला.

गेल्या वर्षी दादा आजारपणात गेला. वर्षभर घरात सण नाही, त्यामुळे दसऱ्याची पूजाही झाली नाही.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर दादाच्या बायकोने, वैनीने, फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. वजनावरूनच कळलं.

"हेनी सांगान ठेवल्यानी. 'माझ्यामागे लाथेची पाळी तेची.'"

मी म्हटलं, "दसऱ्याक घेवन येतंय, वयनी."

"दसऱ्याची वाट कित्याक? वर्सभर लाथ पडाक नाय तेका. माजलो असतलो."

सगळे पाहुणे बघत होते. चपला काढल्या. चक चिऱ्यावर ठेवला. आठ वर्षांचं जे काय साठलं होतं ते पायात आणलं आणि घातली.

तुळशीपर्यंतसुद्धा गेला नाही. माझ्या अंगठ्याचं नख मात्र उपटलं. चिरा रक्ताने ओला झाला. वैनी वर्षभरात पहिल्यांदा हसली, आणि मग ती आणि मी दोघंही रडलो.

आता पाय उशीवर ठेवून हे टाइप करतोय. ठणकतंय. गोळी घेणार नाही.

फूल वाहायला मी आलोच नाही, दादा. लाथ मारली.
थोडं रक्त माझंही सांडलं.

चालतला मां?