एकशे अठ्ठावीस फूट कुंपण

सगळी गल्ली तिला कटिंगबाई म्हणायची. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं कापड कापलं. चाळीस थर एकावर एक रचायचे, वर खडूने रेघ ओढायची आणि मशीन फिरवायचं. रेघ चुकली की एक नाही, चाळीस बाह्या वाया. त्यामुळे ‘साधारण’, ‘अंदाजे’, ‘होऊन जाईल’ असले शब्द कानावर पडले की तिच्या कपाळाला आठी पडायची.

निवृत्तीनंतर तिला खरं तर काही मोजायचं उरलं नव्हतं. पण नवऱ्याची स्मरणशक्ती पुसट होत चालली. तो पूर्वी बस चालवायचा. एका दुपारी ती कपडे वाळत घालत असताना तो घरातून निघाला, आणि तासाभराने मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडला, येणाऱ्या गाड्यांना हाताने थांबवत. नशीब, एका रिक्षावाल्याने ओळखलं. डॉक्टर म्हणाले, यांना खोलीत कोंडू नका, अंगणात मोकळं फिरू द्या, फक्त अंगणाला कुंपण घाला. घर कोपऱ्यावरचं. मागे शेजाऱ्याची भिंत, बाकी तीन बाजू उघड्या. त्या दिवसापासून ती अंगणाकडे पाठ करून बसेनाशी झाली. आंघोळसुद्धा दार अर्धं उघडं ठेवून.

पहिला माणूस हार्डवेअरच्या दुकानदाराने पाठवला. तो मोटरसायकलवरून उतरलाच नाही. काळा चष्मा कपाळावर सरकवून त्याने एकदा घराकडे पाहिलं, एकदा तिच्या पायातल्या चपलांकडे, आणि म्हणाला, साठ हजार. किती फूट धरले, असं तिने विचारलं. तो हसला. तीस वर्षांचा अनुभव आहे काकू, म्हणाला, नजर हीच टेप.

“नजरेने कापड कापलं असतं,” ती म्हणाली, “तर निम्म्या शाळा एका बाहीच्या सदऱ्यात बसल्या असत्या.”

त्याला ते कळलं नाही. सिगारेटचं थोटूक तिच्या तुळशीएवढ्या जपलेल्या गुलाबाच्या कुंडीत विझवून तो निघून गेला. थोटूक चिमट्याने उचलताना तिला त्या माणसाची नाही तेवढी त्याच्या सहजपणाची किळस आली.

त्याच संध्याकाळी तिने स्वतः टेप धरली. नवऱ्याला एक टोक धरायला दिलं. तो दर दोन मिनिटांनी टोक सोडून द्यायचा, ती परत आणून हातात द्यायची. छत्तीस फूट समोर, सेहेचाळीस-सेहेचाळीस दोन्ही बाजू. एकशे अठ्ठावीस. दोनदा मोजलं, वहीत लिहिलं.

दुसऱ्याने चकचकीत रंगीत कागद पाठवला. रक्कम चौतीस हजार, ठळक अक्षरांत. तिला बरं वाटलं, पण तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी होतं. भिंग आणून वाचलं. खड्डे वेगळे, सिमेंट वेगळं, फाटक वेगळं, गाडीभाडं वेगळं. एकेकाचा भाव फोनवर विचारत ती बेरीज करत गेली, तर आकडा पहिल्याच्याही पुढे गेला. म्हणजे चौतीस हजारांत नुसती जाळी अंगणात आणून टाकणार होते, गुंडाळीसकट.

तिसरा मात्र गोड बोलणारा निघाला. घरात येऊन बसला, पाणी मागून प्यायला. तुमचं बजेट किती आहे ते आधी सांगा, म्हणाला. ती म्हणाली, भाव तुम्ही सांगायचा. तेवढ्यात आतून नवरा आला आणि पाहुण्याला विचारू लागला, शेवटची गाडी गेली का? त्या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी हललं. आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, काकू, अशा पेशंटला साधी जाळी चालत नाही, ही माणसं चढतात, एकदा गाडीखाली आले तर तुम्ही स्वतःला माफ कराल का? सात फुटी करू, वर काटेरी तार. पंच्याऐंशी हजार.

तिने त्याला उठायला सांगितलं. तो गेल्यावर त्याने प्यायलेला पेला तिने दोनदा घासला, तरी तो फडताळात ठेववेना. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ती आजवर नुसतं बोलण्यात ऐकत आली होती. आज ते तिच्याच खुर्चीवर बसून गेलं होतं.

मग भाचा मध्ये पडला. धाकट्या बहिणीचा मुलगा, गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला, दर रविवारी मावशीकडे जेवायला यायचा. म्हणाला, बाईमाणूस बघून गंडवतात गं, माझा एक वेल्डर आहे, सरळ आहे, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. चार दिवसांनी त्याने कागद आणला. वर वेल्डरच्या दुकानाचा छाप, खाली शिक्का. फुटाला साडेतीनशे, सगळं धरून, फाटकासकट. एकूण छप्पन्न हजार. तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिने त्याला आवडतं म्हणून मुद्दाम गोड केलं.

दुपारी तो गेल्यावर सवयीने तिने भागाकार केला. एकशे साठ फूट निघाले.

तिला वाटलं, चूक असेल. माणसाकडून चूक होते. कागदावरच्या नंबरवर तिने फोन लावला. वेल्डरची बायको बोलली, हिशेब तीच बघायची. तिने वही काढली आणि म्हणाली, आमच्याकडे एकशे अठ्ठावीसच आहे, तुमच्या भाच्यानेच माप सांगितलं. कटिंगबाईने कागदावरचे छप्पन्न हजार वाचून दाखवले, तेव्हा तिने खरं सांगितलं.

“कोरा कागद त्यांनी मागून नेला, बाई. म्हणाले, मावशीला समजेल असं मी लिहितो. आम्ही शिक्का मारून दिला. चूक आमचीही आहे.”

माप भाच्याला ठाऊक होतं, कारण तिनेच वही त्याच्यापुढे धरली होती. कटिंगबाई मोरीत जाऊन उभी राहिली. परके लुटायला आले होते आणि लुटारूसारखेच वागले होते. हा तर जेवून, वर मावशीच्या नवऱ्याचे पाय चेपून गेला होता. कुंपणानेच शेत खाल्लं.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा तिने तो कागद आणि मापाची वही टेबलावर ठेवली. तो लाजला असता, रडला असता, तर कदाचित तिने विषय मिटवला असता. त्याने खुर्ची ओढली आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, “सगळेच घेतात गं मावशी. बाहेरच्याने खाल्लं असतं. माझ्याकडे आलं म्हणजे घरातच राहिलं ना?”

“कुणाच्या घरात?” तिने विचारलं.

ताट वाढलेलं होतं. तो न जेवता गेला, आणि तिला ते अन्न कुणाला द्यावंसं वाटेना, टाकावंसंही वाटेना. शेवटी तिने ते झाकून तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आंबल्यावर फेकलं.

मंगळवारी माप घ्यायला वेल्डरची बायको स्वतः आली, हातात टेप आणि खांद्यावर पहार. तीही एकशे अठ्ठावीस म्हणाली. मग खांबाच्या प्रत्येक जागी पहार मारून बघत गेली. मागच्या कोपऱ्यात ठण्ण आवाज आला.

“इथे खाली जुनं काँक्रीट आहे. तीन खड्डे फोडावे लागतील. किती खोल आहे ते आज मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “पण खड्ड्यामागे पाचशेच्या वर एक पैसा घेणार नाही, हे लिहून देते.”

इतक्या दिवसांत ‘मला माहीत नाही’ म्हणणारी ही पहिलीच. कटिंगबाईने तिच्यासाठी चहा टाकला, तरी तिच्या नव्या कागदावरचा प्रत्येक आकडा तिने तिच्यासमोर बोट ठेवून वाचला. विश्वास टाकायची सवय मोडली होती, आणि ती मोडली याचाच तिला सर्वांत जास्त राग होता.

काम पाच दिवसांत झालं. कोपऱ्यात दोनच खड्डे फोडावे लागले, तेवढेच पैसे लावले. आता नवरा सकाळ-संध्याकाळ जाळीच्या कडेकडेने फेऱ्या मारतो आणि कटिंगबाई दार लावून आंघोळ करते.

काम संपल्याच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. माझ्या पोराने किती धावपळ केली ना, म्हणाली, तोच म्हणून स्वस्तात झालं, मला सगळं सांगितलं त्याने. तिच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. कटिंगबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण बहिणीला आधीच रक्तदाबाचा त्रास, आणि तिला दुसरं मूल नाही.

काम चांगलं झालंय, एवढंच ती म्हणाली. मग तिने फोन ठेवला आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.