चौदाशे मीटर गवत आणि मामाचा उजवा हात

माझ्या मामाला बाग केवढी आहे असं कुणी विचारलं, की तो सांगायचा, "दोन टाक्या." म्हणजे पेट्रोलच्या. गवत कापायच्या मशीनची टाकी दोनदा भरली की वृद्धनिवासाची सगळी हिरवळ कापून व्हायची, आणि एकतीस वर्षांत त्याला याहून वेगळं माप कधी लागलं नव्हतं. पाऊस जास्त झाला की अडीच टाक्या. तळ्याकडच्या उतारावर गवत माजलं की पावणेतीन. चौरस मीटर वगैरे भानगडी ज्यांना जागा विकायची असते त्यांच्यासाठी, असं त्याचं ठाम मत होतं. उंचीला कमी आणि बोलायला त्याहून कमी असा हा माणूस, पण मतं मात्र कपाटभर.

गेटाला लागून असलेल्या दोन खोल्यांत तो आणि मामी राहायचे. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या, नोकरीबरोबरच जायच्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तेवढ्यात कुठेतरी स्वतःचं छप्पर बघायचं, असं ते दोघं गेली दहा वर्षं ठरवत होते. ठरवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

अशात एक दिवस व्यवस्थापक मॅडमनी मामाला ऑफिसात बोलावलं. पेट्रोलचं मशीन बंद. आवाजानं म्हाताऱ्यांची झोप मोडते, वासानं खोकला येतो, तक्रारींची फाईल जाड झाली आहे. आता बॅटरीवरचं मशीन घ्यायचं.

"पसंत तुम्हीच करा, तुम्हालाच चालवायचंय," मॅडम म्हणाल्या. "फक्त एक. शुक्रवारपासून लोकांचे नातेवाईक भेटायला येतात, त्यामुळे गुरुवारी सगळी बाग एका दिवसात झाली पाहिजे. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. बाहेरची कंपनी काम घ्यायला तयार आहे, त्यांना गेटाजवळच्या खोल्याही हव्यात."

"जमेल की," मामा म्हणाला.

घराण्यात बारीक अक्षरातली माहितीपत्रकं वाचायची सवय मला एकट्याला, म्हणून दुकानात जायला त्यानं मला सोबत घेतलं. मी आदल्या दिवशी पावलांनी बाग मोजली. चौदाशे चौरस मीटर भरली. मामा मागून बघत होता. म्हणाला, "शहाण्या, फुलझाडं तुडवून मोजलंस तर कमीच भरणार."

दुकानात बॅटरीची मशीनं ओळीनं मांडलेली होती. विक्रेता कंपनीचा शर्ट घातलेला, पाठांतर चोख. त्यानं आम्हाला थेट मोठ्या मशीनजवळ नेलं. रुंद पातं, एकाच वेळी दोन बॅटऱ्या, चाकांना स्वतःची मोटार. म्हणजे ढकलायचं नाही, मशीन चालतं आणि आपण त्याच्या मागे फिरायला निघाल्यासारखं जायचं.

"चौदाशे मीटर ना? दीड-दोन तासांत काम खलास," तो म्हणाला. "डोळे झाकून घ्या."

"घे मामा," मी म्हणालो. "आयुष्यात पहिल्यांदा कामावर फिरायला मिळेल."

मामानं किंमत विचारली नाही, पात्याकडे पाहिलं नाही. उजव्या मुठीला लागून एक दांडी होती. ती दाबून धरली तरच पातं फिरतं, सोडली की थांबतं. दुसरी दांडी चाकांसाठी. त्यानं दोन्ही दाबल्या आणि नुसता उभा राहिला. ओठ पुटपुटत होते. विक्रेत्यानं मला हळूच विचारलं, "काका प्रार्थना करतायत का?"

मामा आकडे मोजत होता. चाळीसच्या आसपास त्याच्या उजव्या हाताची बोटं उघडली. त्यानं उघडली नाहीत, ती आपोआप उघडली. झोपलेल्या माणसाच्या हातातून वर्तमानपत्र सुटतं तसं. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी झाली होती. त्यानं हात पटकन बगलेत घातला आणि छताकडे बघत म्हणाला, "दुकान मोठं आहे हो तुमचं."

तेव्हा मला कळलं. मामी रोज सकाळी याच्या शर्टाची बटणं लावून देते, त्याला मी इतकी वर्षं लाड समजत होतो आणि त्यावर विनोदही करत होतो.

"जुन्या मशीनला दांडी होती का?" विक्रेत्यानं विचारलं.

"होती. मी ती सुतळीनं बांधून टाकायचो. सगळेच माळी बांधतात."

"इथे नाही चालणार, काका. आधी दांडी सुटी पाहिजे, मग बटण, मग दांडी. बांधून ठेवली तर मशीन चालूच होत नाही. हातासाठीच केलंय ते."

"कुणाच्या?" मामा म्हणाला.

मग तो ओळीतल्या एकेका मशीनची दांडी दाबत गेला. पंचावन्न. सत्तर. साठ. शेवटी कोपऱ्यातल्या लहानशा मशीनपाशी थांबला. घराच्या अंगणापुरतं ते, पातं वीतभराहून जरासं मोठं, चाकं खेळण्यातली वाटावीत अशी. पण दांडी एकच आणि मऊ. तिथे तो दोनशेपर्यंत गेला. चेहऱ्यावर असं समाधान, जणू परीक्षेत पहिला आला.

"हेच," तो म्हणाला.

विक्रेता हादरलाच. "काका, हे एका बॅटरीत तीनशे मीटर कापतं, तेही गवत कोरडं असेल तर. ओल्यात दोनशे. मग दीड तास चार्जिंग. जादा बॅटरी घेतली तरी तुमचा दिवस जाईल."

"दिवस मोकळाच असतो माझा."

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "मामा, मॅडमना हाताचं सांग. डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं. तो म्हणाला, इतकी वर्षं मशीननं थरथरवलंय, आता गेलेलं परत येणार नाही. तर मग सांगून काय करू? सांगितलं की खोल्या गेल्या."

"अरे पण बागेत दोनशे आकडे मोजून काय होणार? तासन्‌तास दाबून धरायचंय."

"मधे मधे बॅटरी चार्ज होईल ना. तेवढ्यात हातपण होईल."

इथे तो चुकला. बॅटरी दीड तासात भरते. हात भरत नाही. एकतीस वर्षं ज्यानं काम टाकीवर मोजलं, त्यानं हातालाही टाकीच समजून टाकलं होतं. आणि मी, माहितीपत्रकं वाचणारा, त्याला तिथेच थांबवायचं सोडून बसची वेळ बघत होतो.

पहिल्या गुरुवारी सकाळी सहाला तो उतरला. पहिली बॅटरी कशीबशी गेली. दुसरीत मशीन दर दहा पावलांवर थांबायला लागलं. जुनं मशीन बंद पडलं तर आख्ख्या वृद्धनिवासाला कळायचं, हे बिचारं गुपचूप थांबायचं. ते दिसलं फक्त एकाला. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत एक निवृत्त इन्स्पेक्टर चाकांच्या खुर्चीत बसलेले असायचे. पाय गेले होते, नजर नोकरीतच होती.

तिसऱ्या बॅटरीला मामी चहा घेऊन आली. तिनं कप बाकावर ठेवला, मामाचा उजवा हात दांडीवरून उचलला, त्या जागी स्वतःचा ठेवला आणि म्हणाली, "चला."

"अगं, लोक बघतायत."

"मग हसा थोडं. भांडतोय असं वाटायला नको."

तो डावीकडून, ती उजवीकडून. पहिल्या रेघा सापासारख्या आल्या. वरून इन्स्पेक्टर ओरडले, "काय माळीबुवा, लग्नानंतर इतक्या वर्षांनी फिरायला निघालात?"

"त्यांना आत्ताच वेळ मिळाला, साहेब," मामी म्हणाली.

तीनला शेवटची रेघ झाली. मामी घरी जाऊन गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली. मामा दारात उभा राहून, उताराला जरा जास्तच खाली कापलं गेलंय, असं म्हणाला. तिनं पिशवी त्याला फेकून मारली नाही, हा तिचा मोठेपणा.

असे बारा-तेरा गुरुवार गेले. पुढे पुढे मामा नुसता हात ठेवायचा. दाबायची ती, ढकलायची ती, वळवायची ती. मी जायचो तेव्हा चार्जिंगच्या बॅटऱ्या बदलायचो आणि त्या दोघांना चिडवायचो. चिडवलं की बरं वाटायचं, निदान मला.

बातमी फुटली ती वाईट मनानं नाही. जेवणाच्या खोलीत मॅडम टेबलाटेबलापाशी थांबून विचारपूस करत होत्या. इन्स्पेक्टरांना कौतुक करायची लहर आली. "हल्ली गवताच्या रेघा सरळ येतात हं. बाईंचा हात चांगला आहे. त्या आल्यापासून बागेला शिस्त लागली."

"कोण बाई?" मॅडमनी विचारलं.

पुढच्या गुरुवारी सव्वासहाला मॅडम स्वतः हिरवळीवर. मीही होतो. त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"तुम्ही एकटे चालवून दाखवा," त्या मामाला म्हणाल्या.

मामी बाजूला झाली. मामानं बटण दाबलं, दांडी धरली, निघाला. ओठ हलत होते. बारा पावलांवर मशीन थांबलं. त्यानं पुन्हा चालू केलं. सात पावलं. तिसऱ्या वेळी त्यानं मनगटानं दांडी रेटून बघितली, मग कोपरानं. तो अर्धा वाकून मशीनवर ओणवा झाला होता आणि पातं फिरत नव्हतं. मॅडम तळ्याकडे बघायला लागल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. "कधीपासून आहे हे?"

"थंडीत होतं जरा," मामा म्हणाला.

"सहा वर्षं," मामी म्हणाली.

मॅडमनी श्वास सोडला. पातं असलेल्या मशीनवर असा हात चालणार नाही, नोकरीत नसलेल्या बाईचा तर मुळीच नाही, उद्या काही झालं तर जबाबदार त्या. सगळं खरं होतं. मामाची नोकरी महिनाअखेरीस संपेल. आणि खोल्यांचं...

"खोल्या कामाबरोबर आहेत ना?" मामी मधेच बोलली. "काम मी करते. मला लावा."

"तुमचं वय काय, बाई?"

"यांच्यापेक्षा चार वर्षांनी कमी."

मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि तिला ठेवलं. महिन्याच्या बोलीवर. गुरुवारी बाग पूर्ण झाली तर पुढचा महिना, नाही झाली तर खोल्या रिकाम्या. इन्स्पेक्टरांनी मामीसाठी शब्द टाकला म्हणे. हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं आणि शाबासकीची वाट बघत थांबले.

मी ऑफिसात गेलो. म्हटलं, निदान आता ते मोठं मशीन घ्या. मामीचे हात ठणठणीत आहेत, गुडघे नाहीत. दोन तासांत मोकळी होईल. मॅडमनी फाईल काढून माझ्यापुढे उघडी ठेवली. मशीनच्या पसंतीच्या कागदावर मामाची सही होती. वेडीवाकडी, पण त्याचीच. "अजून सहा महिनेही झाले नाहीत. नवीन मशीन आता पाच वर्षांनी."

तेव्हापासून मामी एकटीच कापते. सकाळी सहा ते दुपारी तीन, सात बॅटऱ्या. मामा बाकावर म्हाताऱ्यांच्या ओळीत बसतो. शुक्रवारनंतर नवीन भेटायला आलेले लोक त्यालाही तिथलाच एक समजून फळ देतात. तो घेतो. गुरुवारी हात बगलेत घालून तिथूनच सूचना देतो: डावीकडे घे, पातं वर कर, उतार आडवा काप, घाई कशाची आहे. पेट्रोलच्या मशीनमागे असती तर तिला यातला एक शब्द ऐकू आला नसता. हे मशीन शांत आहे, सगळं ऐकू येतं.

परवा उतारावर तिचा गुडघा अडकला. मामा उठला, चार पावलं गेला आणि तिथेच उभा राहिला. तिनं मान हलवून त्याला परत बस म्हणून सांगितलं. गुडघा चोळला नाही. चोळायला हात सोडावा लागतो, हात सोडला की मशीन थांबतं, आणि थांबलेलं मशीन पहिल्या मजल्यावरून दिसतं.