झाडं ठोकणारी सुतारीण

रंधा-पटाशी तिने आयुष्यात हातात धरली नव्हती, तरी सगळे तिला सुतारीण म्हणत. लाकडी मोगरी घेऊन ती जंगलातल्या जुन्या झाडांना ठोके द्यायची आणि खोडाला कान लावायची. ठण्ण वाजलं तर भरीव, भद्द वाजलं तर पोकळ. भरीव झाड राहायचं. पोकळावर तांबडी फुली पडायची आणि मागून करवतवाले यायचे. सुतारपक्ष्यासारखी दिवसभर टकटक करते म्हणून कुणीतरी थट्टेत ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तोडणीचा मुकादम तिचा धाकटा भाऊ. बाकी सगळं त्याला यायचं, कान मात्र हिचाच.

नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी तिची ट्रंक दारात आणून ठेवली होती, तीही इतक्या अदबीने, की भांडायला तोंड उरलं नाही. भावाने मागची खोली दिली. एक खिडकी, एक खाट आणि दाराला आतून कडी. लोकांना या कडीचं काय कौतुक असणार? दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला विचारावं. दिवसभर सगळ्यांची बोलणी गिळून ती रात्री कडी लावायची, तेव्हा कुठे तिचं अंग सैल पडायचं.

त्या वर्षी मोठं वादळ झालं. जुनी झाडं एकमेकांना घेऊन आडवी झाली, उभी राहिली त्यातली कित्येक शेंडे मोडून वठली. जंगलखात्याच्या कचेरीतून हुकूम आला, जंगल साफ करा. पडलेलं उचला, वठून पोकळ झालेलं एकही उभं ठेवू नका.

त्याच सुमाराला पक्षी मोजणारी एक बाई तिथे फिरायची. गळ्यात दुर्बीण, पायात चिखलाचे बूट. ती सुतारणीशेजारी बसून डबा खायची.

"मावशी, वादळाने जंगलाचं काही बिघडवलेलं नाही," ती एकदा म्हणाली. "छपराला भोक पडलं, खाली ऊन आलं. बघा, झुडपं कशी माजलीत. वर्षानुवर्षं न दिसलेली पाखरं त्यात आलीत. आणि ही वठलेली झाडं तर चाळ आहे चाळ. सुतारपक्षी ढोली कोरतो, एक हंगाम राहतो, निघून जातो. मग तिथे पिंगळा येतो, चिमणीएवढी रामगंगा येते. स्वतःला कोरता येत नाही, दुसऱ्याच्या घरात फुकट राहतात."

"म्हणजे माझ्यासारखीच की," सुतारीण म्हणाली. "फक्त त्यांना भावजय नसते."

बाई खळखळून हसली. मग पलीकडच्या एका थोराड वठलेल्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाली, "तेवढं एक राहू द्या हो. ढोल्याच ढोल्या आहेत त्यात. मी कचेरीत सांगून बघितलं, कुणी ऐकत नाही."

त्या झाडापाशी जायची वेळ आली, त्याच सकाळी भावजय टेप घेऊन मागच्या खोलीची खिडकी मोजत होती.

"काय गं, काय मोजतेस?"

"काही नाही वन्सं, पडदा. पुढेमागे पोराचं लग्न होईल. नव्या सुनेला काय स्वयंपाकघरात झोपवायचं?"

वाटेत भाऊ म्हणाला, "तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, ताई. एवढं काम साहेबाच्या मनासारखं होऊ दे, तुझ्या खोलीला कोण हात लावतो बघतो मी."

तिने मोगरी मारली. भद्द. वरच्या भोकातून एक तांबडं डोकं बाहेर आलं, त्याने खाली बघितलं आणि परत आत गेलं. त्याखालच्या भोकात दोन पिवळे डोळे उघडले. करवतवाले तंबाखू मळत उभे होते.

"काय म्हणतंय झाड?" भावाने विचारलं.

भरीव. एवढं एकच म्हणायचं होतं. तिच्या कानावर शंका घेणारा तिथे कुणी नव्हता. जिभेच्या टोकाशी शब्द आला आणि डोळ्यांपुढे भावजयीची टेप आली.

"पोकळ," ती म्हणाली. तिनेच फुली मारली.

झाड पडल्यावर पाखरं बराच वेळ मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिली. त्या हवेत त्यांचं दार होतं.

जंगल इतकं स्वच्छ झालं, की साहेबाने भावाच्या पाठीवर थाप मारली. झुडपंही 'कचरा' म्हणून काढली. सगळी झाडं आता एका वयाची, एका मापाची, भरीव. पुढच्या हंगामात पक्षी मोजणारी बाई दुर्बीण घेऊन आली आणि दिवसभर हिंडून तशीच परत गेली. सुतारणीशी बोलली नाही. सुतारणीने हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार?

मग कचेरीला पाखरांची आठवण झाली. झाडांवर टांगायला लाकडी घरटी हवीत, असा नवा हुकूम निघाला. काम मिळालं भावालाच. वादळात पडलेलं लाकूड त्याच्याच आवारात होतं.

घरटी भराभरा तयार झाली. छोटं छप्पर, मधोमध गोल भोक. अंगणात ठेवावी तर भिजतील.

"ताई," भाऊ चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "तुझी खोली जरा लागेल. आता ठोकायला तरी काय उरलंय जंगलात? तू घरातच असशील. स्वयंपाकघरात ऊब असते."

"पाखरांची सोय म्हणजे पुण्यच की, वन्सं," भावजय म्हणाली आणि तिची उशी उचलली.

घरटी खाटेवर चढली, खिडकीपर्यंत रचली गेली. भावाने दार ओढून बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली बायकोकडे दिली. स्वयंपाकघराला दारच नव्हतं, नुसती चौकट होती. सुतारणीने ओट्याखाली अंथरूण टाकलं.

"वन्सं, सकाळी लवकर उठाल ना?" भावजय जाता जाता म्हणाली. "चहाला उभं राहायला जागा लागते."