टाइट एंडचा नमस्कार

"आज फिर झुका ना, तो सीधा करमाडची बस पकड!" सलीम सर म्हणाले. मॅच सुरू व्हायची होती. करमाड म्हणजे माझं गाव, तिकडची बस म्हणजे टीममधून सुट्टी. सलीम सर आमचे कोच. पडेगावच्या मैदानावर आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला घाम फोडायचे. पुढच्या सीझनचं माझं काँट्रॅक्ट त्यांच्याच हातात होतं, आणि मला हा खेळ सोडून दुसरं काही धड येत नव्हतं.

मी टाइट एंड. म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहणारा गडी. कधी समोरच्याला रेटायचं, तर कधी त्याला चुकवून पळायचं आणि आपल्या क्वार्टरबॅकनं फेकलेला बॉल झेलायचा. हमाल पण मीच, नवरदेव पण मीच.

रेटण्यात मी कुणाच्या बापाला ऐकत नव्हतो. भानगड एकच. कुणाला पाय लागला की मी वाकणार, त्याला हात लावणार आणि तो हात छातीशी नेणार. आईनं लहानपणी लावलेली सवय, जाता जात नाय. आता या खेळात पाय लागणारच की! मी वाकेपर्यंत बॉल डोक्यावरून निघून जायचा.

"अरे, दुश्मन है वो!" सर बोंबलायचे.

"व्हय सर, पण पाय लागला ना."

त्या दिवशी समोर सोलापूरच्या टीमचा एक मिशाळ गडी होता, माझ्याहून वयानं मोठा. मॅच शेवटच्या डावावर आली. हा बॉल झेलला तर आम्ही जिंकणार. आमचा क्वार्टरबॅक इम्रान कानात म्हणाला, "भाई, आज हात बांधून ठेव."

"मग झेलू कशानं?"

शिट्टी झाली. मी मिशाळाला रेटलं, निसटलो आणि नेमका त्याच्याच पायावर पाय दिला. मेलो! हात गेलाच. वाकलो, त्याच्या गुडघ्याला शिवलो, हात छातीला लावला.

पण तोही कुठल्या तरी आईचाच पोरगा. मला धरायचं सोडून त्यानं दोन्ही हात जोडले. "अहो, असू द्या, असू द्या!" त्याचे हात अडकलेले, मी मोकळा. इम्राननं बॉल फेकला. मी झेलला अन् पळत सुटलो ते थेट रेषेपार.

मिशाळ गडी रेफरीवर लई तापला. "साहेब, यानं पाया पडून फसवलं मला!"

रेफरीनं डोकं खाजवलं. "नमस्काराला फाऊल नाय हो."

सरांनी तिथंच काँट्रॅक्टवर सही केली. मला तर रडूच फुटलं. सर एवढे खूश की त्यांनी त्या नमस्काराचा डावच बसवला. पुढच्या मॅचला म्हणाले, "जा, पाय दे और झुक."

मी मुद्दाम पाय दिला. वाकलो. समोरचा गडी बेरकी निघाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सुखी राहा, बाळा," आणि त्याच हातानं दाबून मला मातीत बसवलं. बॉल गेला, मॅचही गेली.

तेव्हापासून मी वाकतो, पण पाय चुकून लागला तरच.