फक्कीची भिंत

आमच्या घराचा नकाशा माझ्या नाकासमोर काढला गेला आणि मला कुणी काही विचारलं नाही. नाकासमोर हे मी उगाच म्हणत नाही. राहुरीत आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. अलीकडे लोखंडी खाट, पलीकडे स्टोव्ह आणि मध्ये एक सतरंजी. त्या सतरंजीवर हे, माझे सासरे आणि धरणावर ओव्हरसियर असलेले ह्यांचे एक मित्र असे तिघं कागद पसरून बसले होते. मी चार हातांवर त्यांच्यासाठी चहा उकळत होते. ओव्हरसियरनी विचारलं, "स्वयंपाकघर केवढं धरायचं?" ह्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं. पत्र्याला माहीत असावं.

"धरा आठ बाय आठ," सासरे म्हणाले. "बायांला काय, दोन भाकरी थापाया जागा झाली की झालं."

तिघांपैकी एकाचीही मान माझ्याकडे वळली नाही. थोड्या वेळानं वळली, कारण चहा झाला होता.

नकाशा असा होता. पुढे ओसरी, मग बैठक, बैठकीच्या मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये सलग भिंत. बैठकीतून स्वयंपाकघरात जायला दार नाही. ओसरीवरून बाजूच्या बोळात शिरायचं, बोळ संपेपर्यंत जायचं आणि मग आत. म्हणजे ताट घेऊन निघालेल्या बाईनं घराला अर्धी प्रदक्षिणा घालायची आणि भाकरी गार झाली म्हणून बोलणीही तिनंच खायची. जन्मात कधी स्टोव्हची वात वर केली नाही, ती माणसं हे ठरवत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी शिकवायची त्या शाळेतल्या बरोबरीच्या बाया मात्र माझं अभिनंदन करत होत्या. "सुटलात, आता स्वतंत्र स्वयंपाकघर." मला ते अभिनंदन झोंबायचं. त्या एका खोलीत नऊ वर्षं मी स्वयंपाक केला आणि नऊ वर्षांत घरी आलेल्या प्रत्येक माणसाशी बोलले. डाळीला फोडणी देता देता कारखान्याच्या निवडणुकीवर वाद घातला, भात शिजेपर्यंत तिथंच बसून मुलांच्या वह्या तपासल्या. "बाई, तुमचं काय म्हणणं?" असं ह्यांचे मित्र विचारायचे, कारण चार हातांवर बसलेल्या माणसाला वगळून बोलणं सहसा जमत नाही. नकाशाच्या दिवशी तेवढं जमलं. आणि आता घर मोठं होणार म्हणून मला मागे नेऊन ठेवणार होते, आणि वर त्याचे पेढे मीच वाटायचे होते.

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. "मधली भिंत नको. उंच ओटा बांधा, मी उभ्यानं स्वयंपाक करीन. आणि ओट्यापासून ओसरीच्या दारापर्यंत सगळं एकच ठेवा."

ओव्हरसियरची पेन्सिल थांबली. सासरे म्हणाले, "परक्या मानसापुढं चूल मांडायची व्हय?"

"मग आता कुठं मांडलीय, मामा?"

"हे भाड्याचं हाय. हितं नाइलाज हाय. आता सोताच्या घरात बी नाइलाजच बांधायचा का?"

हे दोघांच्याही बाजूनं मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे काय असतं ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

सासू-सासरे आमच्याकडे आले होते ते बहात्तरच्या दुष्काळामुळं. जामखेडकडच्या त्यांच्या गावात विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा हे जाऊन दोघांना घेऊन आले. एका खोलीत आम्ही चौघं. सासरे दिवसभर खाटेवर. सासूबाई स्टोव्हशेजारी, भिंतीला टेकून, डोक्यावर पदर. सासरे असायचेच, शिवाय ह्यांचे मित्र, घरमालक, कुणी ना कुणी यायचंच. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली जीव नकोसा व्हायचा, तरी पदर जागचा हलत नसे. दुपारी मात्र त्या मालकांच्या न्हाणीत जाऊन आतून कडी लावायच्या आणि बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत. मालकीण मला ऐकवायची, हंडाभर पाण्यासाठी आम्ही रांगा लावतो आणि तुमच्या सासूबाई तास तास आंघोळ करतात. मी ओशाळायची आणि मनातल्या मनात सासूबाईंवर चिडायची.

दुष्काळात बांधकाम कसलं होतंय. माणसांना प्यायला पाणी नाही तिथं भिंतींना कोण पाजणार. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं आमचं घर वर्षभर कागदावरच राहिलं. पण भांडणाला पाणी लागत नाही, त्यामुळे ते वर्षभर चाललं. रेशनच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी खाताना चाललं, दिवाळीत चाललं, सासऱ्यांना ताप आला तेव्हा दोन दिवस थांबून पुन्हा चाललं. भांडताना मी 'आम्हाला' म्हणायची. "आम्हा बायकांना भिंत नको." शेजारी सासूबाई भाकरी थापत असायच्या. त्या कधी बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे पाठिंबा, असं मी धरून चालले.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि एका रविवारी गवंडी प्लॉटवर आला. त्यानं खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि सुतळीखालून पांढरी फक्की सोडत निघाला. शाळेच्या खेळाच्या मैदानावर दर वर्षी फक्की मीच मारायची, त्यामुळे त्याची रेघ कुठं जाड पडतेय ते मला दिसत होतं. पण ते त्याला सांगायची सोय नव्हती. अर्ध्या तासात आमचं घर जमिनीवर आलं. ऐसपैस, हवेशीर, आणि भिंत कुठंच नाही. मला हवं होतं तसं ते घर तेवढ्या सकाळपुरतं झालं होतं.

हे आणि सासरे रेघा ओलांडून घरभर हिंडत होते. बैठकीतून सरळ स्वयंपाकघरात, तिथून भिंतीतून बाहेर. इतक्यात सासूबाई भाकरीची दुरडी घेऊन आल्या. ओसरीच्या रेघेपाशी थांबल्या, चपला काढल्या, बोळाच्या तोंडाशी गवंड्यानं मोकळी सोडलेली जागा शोधली, बोळातून शेवटपर्यंत चालत गेल्या आणि वळून दारातून स्वयंपाकघरात शिरल्या. मला हसू आलं आणि पाठोपाठ राग आला. उघड्या माळावरसुद्धा ही बाई रेघ ओलांडत नाही, इतकं हिला शिकवून ठेवलंय.

त्या आठ बाय आठच्या चौकोनात त्यांनी दुरडी ठेवली, खाली बसल्या, पाय लांब केले आणि डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला.

वर्षभर एका खोलीत राहून मी त्यांचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. विरळ पांढरे केस, घामानं चिकटलेले. सासरे दहा हातांवर बैठकीत उभे होते, गवंडी त्यांच्याशेजारी. पण सासूबाई भिंतीच्या आत होत्या. त्यांनी पदरानं मान पुसली, मग दोन्ही हातांनी डोकं खसाखसा खाजवलं आणि डोळे मिटून वाऱ्याला तोंड केलं.

मी हे सगळं पाहिलं आणि त्याचा काही अर्थ लावला नाही, कारण मला भांडायचं होतं. "बघा मामा," मी सासऱ्यांना म्हणाले, "इथं उभं राहून मला सगळं दिसतंय आणि मी सगळ्यांना दिसतेय. काय बिघडलं?" आणि बैठक नि स्वयंपाकघराच्या मधली रेघ मी चपलेनं पुसायला लागले.

"अवं बाई, पुसू नगा, माप जाईल," गवंडी म्हणाला.

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत गेले. फार बरं वाटत होतं. रेघ संपली तेव्हा वळून पाहिलं. सासूबाईंनी पाय जवळ घेतले होते. पदर पुन्हा डोक्यावर होता, पार कपाळापर्यंत ओढलेला.

"आत्याबाई?" मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

त्या मला एकटीलाच ऐकू जाईल असं बोलल्या. "लगीन झाल्यापून सैपाकघरातच तेवढं डोस्कं उघडं ठेवलंय गं बाई. तुजं समदं एक झालं तर म्या पदर कुठं काढू? वरीसभर त्या मालकाच्या न्हानीत जाऊन बसत हुते."

न्हाणीतली बादली मी सकाळी भरून ठेवायची आणि दुपारी ती तशीच भरलेली सापडायची. तरी मी मालकिणीचं ऐकून ओशाळत राहिले, ती भरलेली का याचा कधी विचार केला नाही.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. लाज वाटली. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी वर्षभर घर डोक्यावर घेतलं, आणि एकाच स्टोव्हवर जिच्याबरोबर भाकरी भाजल्या तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. दोन लेकरं वाढवलेली, उभा जन्म राबलेली बाई, आणि मोकळ्या डोक्यानं वारा घ्यायला तिला भिंत लागते. ज्यांच्यामुळे लागते ते दहा हातांवर उभे राहून लांबच्या बाभळी बघत होते. मी मागितलं होतं ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण माझ्या बरोबर असण्यात सासूबाईंना बसायला जागा नव्हती.

"काय करू बाई?" गवंड्यानं विचारलं. "वढू का परत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. या घराबद्दल मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"द्या इकडे," मी म्हणाले आणि त्याच्या हातातलं घमेलं घेतलं. वाकले आणि रेघ ओढली. त्याच्यापेक्षा सरळ आली. मधे चार फूट जागा मोकळी सोडली. "इथं खिडकी. ओट्याच्या उंचीपासून वर, चार फूट रुंद, दोन झडपांची."

"बरं. कडी बैठकीच्या अंगाला लावू ना? मंजे चा पायजे तवा उघडता यील."

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला तसंच सुचणार.

मी तोंड उघडायच्या आत पदराखालून आवाज आला. "कडी आतनं." या वेळी तो सगळ्यांना ऐकू गेला.

घर झालं. खिडकी मला पुरली नाही, हे सांगायलाच हवं. खिडकीतून वाद घालायला वाकावं लागतं आणि वाकून घातलेल्या वादाला जोर येत नाही. पाहुणे गेले की मी ह्यांना ऐकवायची, भिंत पाडा. हे म्हणायचे, बघू.

राहायला गेलो त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. झडपा लावलेल्या होत्या. पलीकडून सासऱ्यांनी टकटक केली.

"चा हाय का गं?"

या आवाजासरशी भरल्या ताटावरून उठलेल्या सासूबाई मी कितीदा पाहिल्या होत्या. मी उठायला लागले तर त्यांनी माझा गुडघा दाबून धरला. तोंडातला घास सावकाश चावून संपवला, वर दोन घोट पाणी प्यायल्या.

"बसा जरा," त्या कडीकडे न बघता म्हणाल्या. "आमचं जेवान व्हायचंय."

पलीकडे खाट करकरली. सासरे बसले होते.

सासूबाईंनी पाय लांब केले. पदर खांद्यावर होता. दुरडीवरचं फडकं उचलून त्यांनी मला विचारलं, "अजून अर्धी घेतीस का?"

मी हो म्हटलं.