शिलाईचा पाय

तिला सगळे मास्तरीणच म्हणत. शाळेत ती कधी शिकवायला गेली नव्हती. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, ही शेजारच्या सीटवर, आणि हिच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक. दोन्ही पेडलं एका दांडीने जोडलेली. शिकणारा गांगरला की हिचा पाय आधीच खाली गेलेला असे. सवय इतकी मुरली होती की टीव्हीवर गाडी पळताना दिसली तरी ती सोफ्यावर बसून पाय जमिनीत रोवायची. नवरा म्हणायचा, "फरशीला खड्डा पडेल."

एके दिवशी जेवताना सासूबाईंनी सांगून टाकलं, "मला गाडी शिकायची आहे."

सासूबाईंचा सगळा जन्म शिवणकामात गेला होता. आता सुईत दोरा ओवता येईना म्हणून मशीन झाकून ठेवलं होतं. लांबचं मात्र अजून लख्ख दिसे. गल्लीच्या टोकाला कोण उभं आहे ते त्या गच्चीवरून सांगत. त्यांची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्याकडे जायचं म्हणजे दर वेळी मुलाची मनधरणी. त्याचा त्यांना वीट आला होता.

"आई, या वयात?" मुलगा म्हणाला.

"वय पायाला झालेलं नाही. माझा पाय तुझ्यापेक्षा चालता आहे."

आणि नेमका तो पायच आडवा आला. सासूबाईंनी ब्रेकवर पाय ठेवला की तो मशीनवर असल्यासारखा हलायला लागे. दाब, सोड, दाब, सोड. गाडी हिसके खात थांबायची आणि मास्तरीण डॅशबोर्डला नमस्कार करायची.

"आई, हे मशीन नाही," मास्तरीण म्हणाली. "पेडल दाबलं की नळ्यांतलं तेल दाबलं जातं. तो दाब चाकांपर्यंत पोचतो आणि चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली जाते. तुम्ही पाय उचललात की चिमटी सुटली."

"अगं, पण तुझे सासरे गाडी चालवायचे तेव्हा असंच करायचे. ओल्या रस्त्यावर तर हटकून."

"त्यांच्या गाडीला तेच बरोबर होतं. ब्रेक एकदम दाबला की चाकं जागच्या जागी अडकायची, गाडी साबणासारखी घसरायची आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसायचा. आता ते सोडणं-धरणं गाडीच करते, आपल्या पायाला जमणार नाही इतक्या झपाट्याने. आपण दाबून धरायचं आणि वळवायचं."

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे मी नुसतं बसायचं, शिवणार तीच."

"अगदी तसंच."

कळलं, पण पायाला पटलं नाही. मग मास्तरीण त्यांना गाड्या धुण्याच्या मोकळ्या आवारात घेऊन गेली. फरशी ओलीचिंब होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. "वेग घ्या. मी सांगितलं की सगळा जोर लावा."

सासूबाईंनी जोर लावला. पायाखाली पेडल थडथडलं, खालून कर्रकर्र आवाज आला आणि त्यांनी चटका बसल्यासारखा पाय वर घेतला. "मोडलं काहीतरी."

"काही मोडलं नाही. ती तिचं काम करते आहे. थडथडलं तरी पाय काढायचा नाही."

दुपार उलटेपर्यंत त्या तिथेच फेऱ्या मारत होत्या. शेवटी शेवटी सासूबाईंना ते आवडायलाच लागलं. गाडी धुणारा फडका खांद्यावर टाकून बघत उभा राहिला होता.

पुढच्याच आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर त्या दोघी मोठ्या रस्त्याने निघाल्या. पुढे सामानाचा टेम्पो होता. मास्तरिणीने सांगितल्याप्रमाणे सासूबाईंनी चांगलं अंतर ठेवलं होतं. तेवढ्यात टेम्पोची दोरी सुटली आणि एक लाकडी कपाट रस्त्यावर आडवं पडलं.

मास्तरिणीचा पाय पुढे झेपावला. पण बुटाखालून पेडल आपणहूनच खाली निघून गेलं होतं. सासूबाईंनी तिच्या आधी दाबलं होतं. पेडल थडथडत होतं, गाडीचं नाक खाली झुकलं होतं, आणि सासूबाईंचा पाय हलला नाही. त्यांनी स्टिअरिंग बाजूच्या मोकळ्या पट्टीकडे वळवलं. गाडी निमूट वळली आणि कपाटाच्या अलीकडेच, कडेला, उभी राहिली.

मग सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मी काही चुकले का गं?"

"नाही, आई," मास्तरीण म्हणाली. "मी उशीर केला."

टेम्पोवाला धावत आला. कपाटापेक्षा तोच जास्त हादरला होता. सासूबाईंनी त्याची दोरी हातात घेऊन बघितली, "अशी गाठ कोणी मारतं का?" म्हणाल्या आणि त्याला पक्की गाठ मारायला शिकवूनच पुढे निघाल्या.

परीक्षेत त्या पहिल्यांदा नापास झाल्या, रिव्हर्समध्ये. दुसऱ्यांदा पास झाल्या आणि त्यांनी सरळ बहिणीच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. मास्तरीण मागच्या सीटवर फळांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बहीण बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि खिडकीत वाकून म्हणाली, "ताई, मलाही शिकव."

सासूबाईंनी तिला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आधी ती उंच टाचेची चप्पल काढ," त्या म्हणाल्या. "असल्या चपलेला ब्रेक सापडत नाही."